लावू नये

"जोर द्या की पान्यावर! लाजताय काय? इंजिन आहे ते, सासरा नाही!"

अख्खं वर्कशॉप खिदळलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची पन्नास पोरं-पोरी, मधे लोखंडी स्टँडवर गंजकं इंजिन, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे चिंगीचे बाबा. इंजिन उघडून दाखवायला सरांनी यंदा खराखुरा मिस्त्री बोलावला होता, आणि तो नेमका हिचा बाप निघाला. सकाळी चिंगी अर्धमेली झाली होती. बाबा काय बोलतील, कसं बोलतील, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांसमोर चिंगी म्हणून हाक मारतील. हाक तर त्यांनी दारातूनच मारली. पण तासाभरात त्यांनी वर्ग असा खिशात घातला, की आता पोरंच 'काका, काका' करत त्यांच्या मागे होती आणि चिंगीची कॉलर ताठ झाली होती.

इंजिन एका ॲम्ब्युलन्सचं होतं. दहाएक वर्षं भंगारात पडलेलं. भंगारवाल्याने शिपाईमामांना सांगितलं होतं आणि शिपाईमामांनी सकाळीच सगळ्यांना: भर चढावर ते जाम झालं, गाडी जागच्या जागी थांबली, आतली बाई दवाखान्यात पोचलीच नाही. त्यामुळे ते का जाम झालं हे शोधायला पोरं हट्टाला पेटली होती.

शेवटचा बोल्ट निघाला. क्रँकला धरून बसणारी बेअरिंगची अर्धी वाटी बाबांनी बोटाने उचकटली. तिच्या पाठीमागून पत्र्याची एक पट्टी घरंगळली.

"बघा! हे बघा!" बाबांचा आवाज एकदम चढला. "बेअरिंग झिजलं की नवीन घालायचं. दुसरा उपाय नाही, देवाने केलेला नाही. आणि या महाभागाने काय केलं? जुन्याच्याच पाठीला पत्रा लावला. बसलं घट्ट, गिऱ्हाईक खूश. चार महिने चालतं, मग बसा बोंबलत! अरे, आत माणूस होतं! असल्याला मिस्त्री म्हणू नका. आमच्या धंद्याला काळं फासतात हे."

ते खरोखरच चिडले होते. बाबांनी पट्टी रॉकेलमध्ये बुडवली, चिंधीने पुसली आणि डोळ्यांजवळ धरली.

"काहीतरी कोरलंय वाटतं. चष्मा नाही माझा. वाच गं."

पुढच्या मुलीने वाचलं, "लावू नये."

क्षणभर कोणालाच काही कळेना. मग जो हशा उठला, विचारू नका.

"म्हणजे त्याला माहीत होतं!" बाबा पोट धरून हसत होते. "लिहून ठेवलंय लेकाने, लावू नये! आणि तरी लावलं!"

हसून हसून सरांचेही डोळे पाणावले. "हे आपण कपाटात ठेवू. काच लावून. फिरवा रे सगळ्यांत."

पट्टी हातोहात फिरत मागे आली. चिंगीच्या हातात पडली तेव्हा तीही हसतच होती. रंग जवळजवळ उडालेला, कडेला कसलं तरी पिवळं चित्र, अर्धं बदक असावं. आणि मग तिला 'वू'चा उकार दिसला. दोनदा कोरलेला. आधी ऱ्हस्व, मग त्यावरच गिरवून दीर्घ.

हा उकार तिचा होता. चौथीत असताना बदकाचं चित्र असलेल्या पत्र्याच्या कंपासपेटीच्या झाकणावर तिनेच कर्कटकाच्या टोकाने कोरलं होतं, 'हात लावू नये', आणि आईने कान धरून तो सुधारून घेतला होता. आठवड्याभरात झाकण गायब झालं. घुशीने नेलं, असं बाबा म्हणाले होते. चिंगी इतकी रडली होती, की दोन वेळा जेवली नाही.

पट्टी पुढे द्यायचं ती विसरली.

"काय गं, भूत बघितलंस का?" बाबा हसत जवळ आले आणि त्यांनी पट्टी घेतली. या वेळी ती त्यांनी उजेडात धरली. लांब धरली, मग जवळ धरली. त्यांचा अंगठा सावकाश त्या बदकावर गेला आणि तिथेच राहिला.

"कोणाचं काम असेल हो हे?" सरांनी विचारलं. "तुमच्यासारख्याला हात ओळखू येत असेल."

आता ते सांगतील, असं चिंगीला वाटलं. नाही तर निदान गप्प तरी बसतील.

"काय सांगावं, सर," बाबा म्हणाले. "असतात एकेक. आता कुठे सापडायचा तो." आणि पट्टी त्यांनी खिशात टाकली.

"बाबा!"

चिंगीला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. पन्नास माना वळल्या.

"झाकण घुशीने नेलं म्हणाला होतात ना?"

बाबा गडबडले. समोर वर्ग आहे, सर आहेत, यातलं काही त्यांना आठवलं नाही. चौथीतली पोर रडत उभी असावी, तसे ते कळवळून बोलून गेले,

"अगं, पण दुसऱ्याच दिवशी तुला नवी पेटी आणून दिली होती की!"