डोंगराचं पाणी वजा जाता

"हा चढउतार पाण्याचा आहे, प्रोफेसर. तुमच्या अदृश्य पदार्थाचा नाही," लोरेता म्हणाली आणि हातातला आलेख तिने कॉफीच्या कपांमध्ये ठेवला.

प्रोफेसर एजिदिओंनी बदामांची पिशवी बाजूला सरकवली. साखरेत घोळलेले, जवळच्या सुल्मोना गावचे बदाम. उद्या शोधाची घोषणा झाल्यावर वाटायला आणलेले. ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात, मैलभर खडक डोक्यावर घेऊन, त्यांनी अर्धं आयुष्य एका टाकीपाशी काढलं होतं. सारं विश्व ज्या अदृश्य पदार्थाने भरलंय म्हणतात, त्याचा एखादा कण टाकीतल्या द्रवाला टिचकी मारेल, या आशेवर. आणि टिचक्या येत होत्या. उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. त्या पदार्थातून पृथ्वी उन्हाळ्यातच जास्त वेगाने जाते. गणित तंतोतंत जुळत होतं.

पण खडकातून सुटणारे न्यूट्रॉनही हुबेहूब तशीच टिचकी मारतात. त्यांच्यावर पाळत ठेवणं हे लोरेताचं काम. शिवाय इथला रिवाज असा, की घोषणेआधी एकाने सैतानाचा वकील व्हायचं आणि आपल्याच माणसांचा दावा पाडून दाखवायचा. या खेपेला ते तिच्या गळ्यात पडलं होतं.

"वसंतात वर बर्फ वितळतं," ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना. "ते पाणी झिरपत झिरपत हिवाळ्यात इथे पोचतं. ओला खडक न्यूट्रॉन अडवतो. म्हणून हिवाळ्यात टिचक्या कमी."

"म्हणजे इतकी वर्षं मी डोंगर पाणी पितोय ते ऐकत बसलो?"

"हो."

आता ते भडकणार, असं तिला वाटलं. एजिदिओ उठले. त्यांनी ओलसर भिंतीवर तळहात टेकवला.

"काय धूड आहे गं हे!" ते कौतुकाने भिंत थोपटत म्हणाले. "एवढा डोंगर घोट घेतो आणि ते आपल्याला कळतं!" मग वळून म्हणाले, "पण वकीलबाई, काम अर्धवट टाकू नकोस. पाण्याचा वाटा वजा कर. रेघ सपाट झाली, की मीच दावा मागे घेतो. तुला वाईटपणा नको."

लोरेता संगणकापाशी बसली. न्यूट्रॉनांचा वाटा तिने काढून टाकला. चढउतार जवळजवळ सगळा गेला. ती पडद्याजवळ सरकली. स्वतःचीच चूक शोधली, सापडली नाही. पुन्हा वजाबाकी केली. दावे पाडण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. आज मात्र तिने तिसऱ्यांदा आकडे तपासले.

"झाली सपाट?"

"नाही," ती म्हणाली. "अगदी बारीक आहे, पण उरतंय काहीतरी. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली. हे पाणी नाही, प्रोफेसर. न्यूट्रॉनही नाहीत."

एजिदिओंनी चष्मा काढला. दारावर थाप पडल्यावर विचारावं, तसं त्यांनी टाकीकडे बघत हळूच विचारलं, "कोण आहे?"