मागचा आवाज

तनुजाचे रील शूट करायला मोबाइल आईच धरायची. दौलताबादच्या पायऱ्यांवर असो की घराच्या गच्चीवर, मागून तिचं सुरूच असायचं, "हास की जरा! लई भारी दिसायलीस गं!"

ते गावठी बोलणं मैत्रिणींना ऐकू जाऊ नये म्हणून तनुजा व्हिडिओचा आवाज काढून वर गाणं लावायची. मोबाइल भरतो म्हणून मूळ व्हिडिओ लगेच डिलीट.

आई जाऊन महिना झाला. काल पप्पा शेजारी येऊन बसले. "तनू, तिचा आवाज असंल की तुझ्या मोबाइलमधी. लाव बरं जरा."

तिनं एकेक करत चौसष्ट व्हिडिओ लावले.

प्रत्येकात ती आईच्या बोलण्यावर खळखळून हसत होती. ऐकू मात्र गाणंच येत होतं.