घाडग्यांची धाकटी सून

दुपारी तीनला शाळेतल्या मतदान केंद्रावर चिटपाखरू नव्हतं. शिंदेबाई मतदार यादी मिटून डबा उघडणार, तेवढ्यात नऊवारी नेसलेली एक तरुणी टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"नाव?"

"ठकू."

"यादीत नाही हो."

"असणार कसं? पहिल्या निवडणुकीला नावं लिहायला साहेब दारात आला. सासऱ्यांसमोर आपलं नाव कसं घ्यायचं? म्हटलं, घाडग्यांची धाकटी सून. असलं नाव चालत नाही म्हणून खोडलं मला. पुढं नावानं हाक मारणारंही कुणी उरलं नाही, मग माझं मलाच आठवेना. आज आठवलं, म्हणून आले."

पहिली निवडणूक, म्हणजे एकावन्न-बावन्न साल. समोरच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. शिंदेबाई खुर्चीसकट मागं सरकल्या.

"भिऊ नका बाई. तुमचं नाव काय?"

बाईंनी छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "सौ. मेघना शिंदे."

"हे सासरचं. बापानं ठेवलेलं सांगा."

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'मेघना' लिहिलं होतं, ते बाईंना लख्ख आठवलं. त्याआधीचं नाव माहेर संपल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं. जिभेवर काहीच येईना.

ठकू भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली आणि सरकून तिनं शेजारी जागा केली.

"ये गं, बस. आठवेल. मला सत्तर वर्षं लागली."