पाटीच्या वर

"आई, गुडघे बघ तुझे! आणि रोज उठून बाबांना डोंगरावर न्यायचं. तळ्याकाठी फिरव की. त्यांना काय, सगळं सारखंच," लेक करवादली.

"वरची हवा मानवते त्यांना," म्हणत वाल्बुर्गाने बुटांच्या नाड्या बांधल्या. आधी नवऱ्याच्या, इग्नाझच्या, मग स्वतःच्या.

तळ्याकाठच्या अरुंद वाटेवर इग्नाझ अदबीने बाजूला झाला. "या बाई, आधी तुम्ही. इथल्याच का तुम्ही?"

"हो, इथलीच."

चढ संपता संपता हजार मीटर उंची दाखवणारी पाटी लागली. तिच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. अनोळखी माणसालाही 'तू'च म्हणायचं, ही डोंगराची रीत. बाकी सगळं विसरलेला इग्नाझ तेवढी विसरला नव्हता.

पाटी ओलांडून तो वळला आणि त्याने हात पुढे केला. "दमलीस ना तू? ये, धर."

तिने तो हात दोन्ही हातांत धरला.

"नाव काय गं तुझं?"

"वाल्बुर्गा."

"छान आहे."

उतरताना पाटी दिसली, तशी ती वाटेतल्या दगडावर बसली.

"थोडं टेकू या रे इथेच. गुडघे दुखताहेत."