आमच्या नव्या टीचर

"अजून कोणी राहिलंय?" स्मिताने विचारलं.

पाचवी 'ब'मध्ये एकच हात वर होता. खिडकीजवळच्या बाकावरचा. तो हात ईश्वरीचा होता, आणि ईश्वरी स्मिताची मुलगी होती.

गॅदरिंगच्या सूत्रसंचालनासाठी वर्गातून एक नाव द्यायचं होतं. सकाळपासून बोचरं वारं सुटलं होतं म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. एकेक मूल फळ्यापाशी येऊन उतारा वाचून जात होतं. राजनंदिनीने छानच वाचला. ईश्वरी तिच्याहूनही छान वाचते हे स्मिताला ठाऊक होतं. घरात रोज तीच तर ऐकत होती.

तिने घड्याळाकडे पाहिलं. "चला, वह्या काढा. गणित राहिलंय आपलं."

"टीचर," कैनात जागेवर उभी राहिली, "ईश्वरी राहिली ना! कधीची हात वर करून बसलीय."

"कैनात, बस खाली."

कैनात बसली. ईश्वरीचा हातही खाली आला. तिने दप्तरातून गणिताची वही काढली, समास आखला आणि फळ्याकडे बघत बसली.

पाचवी 'ब'च्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सोमवारी हा वर्ग स्मिताकडे आला. त्याच दिवशी स्टाफरूममध्ये कृष्णात सर चहाचा घोट घेत मोठ्याने म्हणाले होते, "ईश्वरीची मजा आहे की ओ! आता पेपर घरातच फुटणार." सगळे हसले. स्मिताही हसली. पण घरी जाताना रिक्षात तिने लेकीला बजावलं, "वर्गात मी टीचर. आई फक्त घरी. तिथे लाडबिड काही नाही, कळलं?" ईश्वरीने मान डोलावली होती. त्यानंतर वर्गात तिच्या तोंडून एकदाही 'आई' निसटलं नव्हतं. निसटलं असतं तर बरं झालं असतं, असं स्मिताला आज पहिल्यांदाच वाटलं.

संध्याकाळी ती परात घेऊन मटार सोलायला बसली. खाली सोसायटीत मुलांनी बॅडमिंटनचं नेट बांधलं होतं, त्यांचा आरडाओरडा वर येत होता. ईश्वरी खेळायला गेली नाही. कपडे बदलून आली आणि आईसमोर मांडी घालून बसली. दोन-तीन शेंगा सोलल्या, त्यातले दाणे तोंडात टाकले.

"आई, आज शाळेत काय झालं माहितीये?"

रोजची सुरुवात हीच असायची. कोणाची कोणाशी कट्टी झाली, कोणाचा डबा सांडला, सगळं साग्रसंगीत सांगून व्हायचं. या आठवड्यात मात्र ते बंद पडलं होतं. आज ते पुन्हा सुरू झालेलं बघून स्मिताला हायसं वाटलं.

"काय झालं?"

"आमच्या त्या नव्या टीचर आहेत ना..."

स्मिताचा हात शेंगेवरच थांबला. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे हसू नव्हतं, फुगवाही नव्हता. ईश्वरी नेहमीसारखीच सांगत होती.

"शिकवतात मस्त. अपूर्णांक मला आत्ता कुठे नीट कळले. पण त्या मला कधीच काही विचारत नाहीत."

"वर्गात एवढी मुलं असतात," स्मिता म्हणाली. "राहून जात असेल गं."

"बाकी कोणाचं नाही राहत. अरमानला येत नसलं तरी त्याला विचारतात. आज गॅदरिंगसाठी वाचायचं होतं. मी सोडून सगळ्यांनी वाचलं."

"मग तू सांगायचंस ना त्यांना."

"कसं सांगणार? त्या माझ्याकडे बघतच नाहीत."

स्मिताने शेंग फोडली. दाणे परातीत पडायचे ते जमिनीवर सांडले. ईश्वरीने ते एकेक करून वेचले, फुंकर मारली आणि परातीत टाकले.

"आई, तू येशील एकदा शाळेत? सगळ्यांच्या आया येतात टीचरना भेटायला. तूच नाही आलीस कधी."

हसून विषय बदलावा असं स्मिताच्या मनात आलं. पोरीला जवळ ओढून घ्यावं असंही आलं. पण ईश्वरी उत्तराची वाट बघत होती, आणि ती आईकडून उत्तर मागत होती.

"येईन की," स्मिता म्हणाली. "उद्याच येते. काय सांगू त्यांना?"

ईश्वरीने जरा विचार केला.

"माझं नाव नाही दिलं तरी चालेल म्हणावं. राजनंदिनी भारी बोलते. फक्त मी हात वर केला की माझ्याकडे बघा म्हणावं. नुसतं बघितलं तरी चालेल."

"बरं." स्मिताने पदराने नाक पुसलं. "आणि रागावल्या माझ्यावर तर?"

"छे! त्या रागीट नाहीयेत." ईश्वरी आईच्या अंगाला टेकून बसली. "घाबरट आहेत थोड्या. तू ओरडू नकोस हां त्यांना."