वहीतली वीस अक्षरं

सोमवारी सकाळी व्हिन्सेंटने दुकानाचं शटर वर केलं, तर आत सरकवलेली एक चिठ्ठी चपलेखाली आली. उचलून पाहिली आणि तो होता तिथेच उभा राहिला.

चिठ्ठीवर वीस जपानी अक्षरं होती. प्रत्येक अक्षराखाली मराठीत एकेक शब्द. गळ. छप्पर. शंख. दोन वल्ही. पुन्हा गळ.

अक्षरांची ही नावं जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक व्हिन्सेंट स्वतः. दुसरा त्याचा थोरला भाऊ बॅप्टिस्ट. त्र्याण्णव साली दोघे होडी घेऊन खाडीत गेले आणि व्हिन्सेंट एकटाच परतला. त्याला आता तेरा वर्षं झाली. त्यांच्या गावच्या, पाचूबंदरच्या लोकांनी चार दिवस किनारा धुंडाळला, पण प्रेत काही मिळालं नाही.

अक्षरं एका व्हिडिओ गेममधली होती. त्याची कॅसेट इग्नेशियस अंकलने आणली होती, जहाजावर नोकरीला असताना, थेट जपानहून. राजा, राक्षस, जंगल, आणि सगळा कारभार जपानीत! खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद करताना गेममधली एक म्हातारी वीस अक्षरं दाखवायची. ती वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. एक फराटा चुकला की आठवड्याची मेहनत पाण्यात. कोळ्यांच्या पोरांना जपानी कोण शिकवणार? त्यांनी अक्षरांना आपलीच नावं ठेवली. एकाने नाव पुकारायचं, दुसऱ्याने वहीत अक्षर आणि त्याखाली नाव लिहायचं. बॅप्टिस्टचा त्या वहीवर असा काही जीव, की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो ती कमरेला बांधायचा. होडीवरसुद्धा.

आता व्हिन्सेंटचं वसई रोडला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नव्या गेममध्ये घोड्याच्या अंगावरचा केसन् केस दिसायचा. तरी गेल्या महिन्यात त्याने नेटवरून तो जुना गेम उतरवला होता. ठोकळ्याएवढा नायक, पावलागणिक लढाई, एकच राक्षस शंभरदा मारायचा. दहा मिनिटांत त्याला कंटाळा आला आणि स्वतःचंच हसू आलं. ह्यासाठी आपण जेवण विसरायचो! त्याने तो तेरेसालाही दाखवला होता. तिने नुसतं पाहिलं आणि मासळीची पाटी उचलून ती निघून गेली.

तेरेसा बॅप्टिस्टची बायको. बारा वर्षं ती व्हिन्सेंटला नाही म्हणत आली आणि यंदा अचानक हो म्हणाली. चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची पहिली घोषणा कालच झाली होती. अशा तीन रविवारी तीन घोषणा व्हायच्या. कुणाची हरकत असेल तर त्याने फादरना सांगायचं.

व्हिन्सेंटने शटर अर्धं खाली ओढलं आणि चिठ्ठीतली अक्षरं भरली. गेम उघडला. बॅप्टिस्टचाच नायक, नऊ लेव्हलचा, तळ्याकाठच्या गावात. बरोब्बर तिथेच, जिथे दोघांनी खेळ सोडला होता.

दुपारी तो अंकलकडे गेला आणि खालचं नाव झाकून 'दोन वल्ही'च्या अक्षरावर बोट ठेवत त्याने सहज विचारलं, "हे काय दिसतं तुला?"

"झाडू," अंकल म्हणाले. "का रे?"

म्हणजे चिठ्ठी टाकणारे अंकल नव्हते. व्हिन्सेंटला ते असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या घोषणेनंतरच्या सोमवारी दुसरी चिठ्ठी आली. नायक चौदा लेव्हलचा झाला होता. मेलेल्या माणसाची लेव्हल वाढत नाही. कुणीतरी बसून, चिकाटीने, रोज खेळत होतं. व्हिन्सेंटचं कामातलं लक्ष उडालं. गिऱ्हाईक दारात आलं तरी तो दचकू लागला.

तेरेसाने टेबलावरची चिठ्ठी पाहिली. "ही कोन टाकतं?"

"असंल कोनतरी टवाळ."

"बॅप्टिस्ट असंल तर? फादरना सांगाया पायजे."

"बॅप्टिस्ट नाय."

"तुला कसं ठाऊक?"

"पान्याला किती ओढ होती ते मी पाह्यलंय, तेरेसा."

बॅप्टिस्ट परत येणार नाही हे गावात व्हिन्सेंटइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. आणि आता त्याच व्हिन्सेंटला झोप लागत नव्हती. बॅप्टिस्ट जिवंत असेल तर लग्न मोडलं. तेरेसासाठी काढलेली इतकी वर्षं मातीत गेली.

तिसरी घोषणा झाली. सोमवारी तिसरी चिठ्ठी आली. नायक एकवीस लेव्हलचा होता आणि शेवटच्या किल्ल्याच्या दारात उभा होता.

"सातिवलीला माल आनायला चाललोय," व्हिन्सेंटने तेरेसाला फोनवर सांगितलं आणि दुकान बंद केलं.

तो सातिवलीला गेला नाही. भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, तो बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावरून चालत पडक्या कोठीपाशी आला. हातात फावडं होतं. मागे वळून पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. कोठीच्या मागच्या भिंतीपासून त्याने सात पावलं मोजली आणि खणायला सुरुवात केली.

हातभर खोलीवर निळी ताडपत्री लागली. त्याने ती फाडून आत पाहिलं. त्याचा जीव भांड्यात पडला. बॅप्टिस्टला जिथे त्याने पुरलं होतं, तिथेच तो होता.

मग त्याने सांगाड्याच्या कमरेपाशी चाचपलं. वहीची पिशवी नव्हती. माती उकरली, पुन्हा चाचपलं.

"त्या दिशी तो ती घरीच इसरला होता."

व्हिन्सेंटने वर पाहिलं. तेरेसा उभी होती. तिच्या मागे दोन हवालदार बांधावरून उतरत होते.

"वही आन कॅसेट तेरा वर्सं माझ्याकडंच होत्या, व्हिन्सेंट," ती म्हणाली. "रोज रातीला मीच खेळत होते. मला ही जागा पायजे होती."