पाय न टेकता

पणजी डोंगर उतरली ती खेचरावरून. आजी उतरली ती खाटेवरून, चौघांच्या खांद्यांवर. आई उतरली ती शेजारणीच्या पाठीवरून, पोटात दिवस भरलेली लेक घेऊन. ती लेक आता बावन्न वर्षांची होती. शाळेची बस चालवीत होती, आणि या क्षणी जुन्या मोटारसायकलींच्या दुकानात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“चालवणार कोण?” दुकानदाराने विचारले.

“मी.”

दुकानदाराने तिच्या धाकट्या भावाकडे पाहिले. भावाने छताकडे पाहिले. सकाळपासून समजूत घालून त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

डोंगरमाथ्यावरच्या शेवटच्या घरात ती शेजारीण अजून एकटी राहत होती. तिची दृष्टी झपाट्याने जात चालली होती. आठवडा संपण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली नाही तर कायमचा अंधार, असे डॉक्टरांनी बजावले होते. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्याने जीप अलीकडेच थांबे. पलीकडे नुसती दगडामातीची चढण. स्ट्रेचर घेऊन गेलेल्या माणसांना म्हातारीने दोनदा दारातूनच पिटाळले होते. “खांद्यावरून जायचं ते मेल्यावर. जिवंत आहे तोवर बसून जाईन, नाही तर जाणारच नाही.”

हा निरोप ऐकून घरातले सारे हताश झाले. बस चालवणारी लेक मात्र प्रथमच हसली होती.

दुकानदाराने चकचकीत लाल गाडी पुढे केली. तिने इंजिनावर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

“आम्ही येण्याआधी चालू करून ठेवलीत वाटतं?”

“सहज हो, काकू. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो ना, तसं.”

“मग कचरा कुठं लोटलात तेही पाहू. गार होऊ द्या.”

तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडले. भावाने घड्याळ पाहिले, दुकानदाराने जांभया दिल्या. ती हलली नाही. इंजिन पुरते निवल्यावर तिने किक मारली. लाल गाडी खोकली, धूर ओकली आणि बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच.

“चढणीवर हिनं मान टाकली, तर मागच्या माणसाला तुम्ही उचलून आणणार का?”

दुसरी गाडी भावाला पसंत पडली. बुटकी, मऊ सीटची. इथे मात्र दुकानदाराने आधी घर झाडून ठेवले नव्हते, इंजिन गार होते. ताई वाकली, गाडीच्या पोटाखाली हात घालून अंतर पाहिले आणि उठली. “पहिल्याच दगडाला पोट घासेल.”

कोपऱ्यात तिसरी उभी होती. टाकीवर ओरखडे, सीट शिवलेली, पण चाके तारांची, पोटाखाली ऐसपैस मोकळी जागा आणि मागे बसणाऱ्यासाठी भक्कम पायदाण्या. पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळ्यांवरून तिने बोट फिरवले. तेलाचा ओघळ नव्हता. गार इंजिनाला एक किक पुरली.

ती वर चढून बसली, आणि दुकानदाराला हसू आवरेना. तिचे पाय अधांतरी लोंबत होते.

“काकू, ही उंच माणसांची गाडी. तुमचे पाय टेकत नाहीत.”

“टेकवायचेच नाहीत मला,” ती म्हणाली. “कागद काढा.”

पुढचे तीन दिवस शाळेच्या मैदानात धुळीने माखण्यात गेले. ती पडली, उठली. कोपरे सोलवटली. भाऊ रोज एकच म्हणे, “ताई, हट्ट सोड.” ती रोज गाडीच उचले.

शेवटी ती गाडीवरून डोंगर चढली. अंगणातल्या दगडी कट्ट्यावरून म्हातारी मागच्या सीटवर बसली.

“हे पातेलं कशाला घातलंस गं माझ्या डोक्यावर?”

“हेल्मेट आहे, मावशी.”

“बरं. माझं काही शिजवू नकोस म्हणजे झालं.”

म्हातारीने तिच्या कमरेला घट्ट विळखा घातला. उतरण सुरू झाली. खडी निसटत होती, वळणे अंगावर येत होती. ओढ्याच्या मध्यभागी पुढचे चाक गुळगुळीत दगडावरून घसरले. पलीकडे जीपजवळ उभा असलेला भाऊ ओरडला, “पाय टेकव, ताई! पाय टेकव!”

गाडी तिरपी झाली. तिने दात आवळले, पायदाण्यांवर भार देऊन अंग उलट झोकले आणि गाडी सावरली. पाणी उडवीत ती काठावर चढली. भावाने जीपचे दार उघडून धरले होते. ती त्याच्या समोरून तशीच पुढे निघून गेली.

दवाखान्याच्या ओट्याला तिने गाडी अलगद भिडवली. मागोमाग जीप आली. भाऊ धावत आला, त्याने हँडल धरले आणि तो संतापाने म्हणाला, “अगं, जीप उभी होती! दोघींचा जीव घालवला असतास. एक पाय टेकवला असतास तर काय बिघडलं असतं?”

तिने इंजिन बंद केले, पाय पायदाण्यांवरच ठेवले. म्हातारीने चाचपडत ओट्यावर पाय ठेवला, हेल्मेट काढून भावाच्या हातात दिले आणि त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

“तुमच्या आईला पाठीवर घेतलं, तेव्हा पूल नव्हताच. ओढ्यात माझा पाय मुरगळला. ती रडून म्हणत होती, जरा खाली ठेव. ठेवली असती, तर पुन्हा उचलायची ताकद नव्हती माझ्यात. याच ओट्यापर्यंत आणली. वाटेत एकदाही टेकवली नाही.”

तिने हात पुढे करून गाडीवर बसलेल्या त्या लेकीचा धुळीने भरलेला चेहरा शोधला.

“उतर आता, पोरी. फिटलं सगळं.”

तेव्हा कुठे तिने जमिनीला पाय लावला.